सोळाचे मनगट, त्रेचाळीसचे घड्याळ

गेल्या दिवाळीच्या आधी एक तरुण ग्राहक माझ्या काउंटरवर आला. पिशवीतून डबा काढला, डब्यातून पायलट क्रोनोग्राफ. ४३ मिलीमीटर, स्टीलचा, काळ्या तबकडीचा. नवा घेऊन आठ महिने झाले होते. पट्ट्याच्या आणखी दोन कड्या काढून द्या, एवढेच त्याचे म्हणणे. मी पट्टा उलटा करून पाहिला. काढता येतील तेवढ्या कड्या आधीच निघाल्या होत्या. बकल मनगटाच्या मधोमध न बसता एका बाजूला सरकले होते आणि हात खाली सोडला की घड्याळ हाडावरून घरंगळत बाहेरच्या अंगाला जात होते. मी टेप लावली. घेर भरला १५.८ सेंटिमीटर.

‘घेताना कुणी माप घेतलं नव्हतं का?’ मी विचारले.

‘नाही काका. मी म्हटलं होतं, जरा मोठं वाटतंय. तर ते म्हणाले, पायलट घड्याळ असंच मोठं असतं.’

या महिन्याचे संपादकीय त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. ते वाक्य कुठल्या दुकानात बोलले गेले याला महत्त्व नाही, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ते कधी ना कधी उच्चारले आहे. मीही उच्चारले आहे, आणि त्या वेळी मला ते खरेच वाटत होते. काही लाखांची वस्तू बारीक मनगटावर बसत नाही असे दिसत असताना, ग्राहकाच्या शंकेवर इतिहासाचा दाखला ठेवून आपण सौदा पुरा करतो. म्हणून तो दाखला एकदा नीट तपासून पाहू.

पायलट घड्याळ मोठे असते ही समजूत आली ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन हवाई दलाच्या घड्याळांवरून. ती खरोखर प्रचंड होती. केसचा व्यास ५५ मिलीमीटर. लांगे, आयडब्ल्यूसी, लाको, स्टोवा आणि वेम्पे अशा पाच नावांनी ती बनली. पण त्यांचे जर्मन नावच ‘निरीक्षण घड्याळ’ असे आहे. विमानाचा मार्ग आखणाऱ्या नॅव्हिगेटरचे ते उपकरण होते, आणि ते जाड जॅकेटच्या बाहीवरून लांबलचक पट्ट्याने बांधले जाई. उघड्या मनगटाशी त्याचा संबंध नव्हता. आणखी एक गोष्ट आपण विसरतो, ती म्हणजे ते क्रोनोग्राफ नव्हतेच. तास, मिनिट आणि मधला सेकंदकाटा, एवढाच त्यांचा कारभार. म्हणजे ५५ मिलीमीटरच्या त्या घड्याळाचा हवाला देऊन आज क्रोनोग्राफ विकताना आपण दोन वेगळ्या वस्तूंची सरमिसळ करत असतो.

मनगटावर क्रोनोग्राफ बांधून उडणाऱ्या माणसांची घड्याळे पाहा. त्याच जर्मन हवाई दलासाठी १९४१ पासून ग्लासह्युटमध्ये बनलेला ट्युटिमा क्रोनोग्राफ ३९ मिलीमीटरच्या आसपासचा होता. फ्रेंच हवाई दलाने पन्नाशीच्या दशकात ‘टाइप २०’ नावाने जी घड्याळे मागवली, तीही ३८च्या आगेमागे. त्यांत फ्लायबॅक असणे सक्तीचे होते. चालू मोजणी थांबवायची, शून्यावर आणायची आणि पुन्हा सुरू करायची, ही तीन कामे एका दाबात व्हावीत. मार्गाचा एक टप्पा संपून दुसरा सुरू होताना तीन वेळा बटण दाबायला वैमानिकाला सवड नसते. घड्याळ कामाचे ठरत होते ते या गुणावर आणि अंधारात वाचता येणाऱ्या आकड्यांवर. ब्रिटिश हवाई दलासाठी आयडब्ल्यूसीने १९४८ मध्ये काढलेले मार्क ११ तर अवघे ३६ मिलीमीटरचे होते, तेही आत चुंबकत्व अडवणारे नरम लोखंडाचे आवरण घालून. या सगळ्यांत मोठे म्हणावे असे १९५२चे ब्रेटलिंग नॅव्हिटायमर. कडेवर हिशेबाची फिरती पट्टी बसवायची असल्याने ते ४१च्या घरात गेले. तिथे मोठेपणाला कारण होते.

आपल्याकडे तर दोन पिढ्यांनी ‘पायलट’ हे नाव वाचले ते एचएमटीच्या काळ्या तबकडीवर. हाताने चावी द्यायचे ते साधे घड्याळ ३५ मिलीमीटरच्या आसपासचे होते, आणि ते लहान दिसते अशी तक्रार घेऊन त्या काळी माझ्याकडे कुणी आले नाही.

मग आकार वाढला कधी? आयडब्ल्यूसीचेच उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळे स्वच्छ दिसते. १९९४ मध्ये आलेला ३७०६ हा पायलट क्रोनोग्राफ ३९ मिलीमीटरचा होता. पुढे तो ४२ झाला आणि २०१२ मध्ये ३७७७ या क्रमांकाने ४३वर पोचला. आतले यंत्र मात्र तिन्ही वेळा व्हॅलजू ७७५०च्याच घराण्यातले, ३० मिलीमीटरचे. ज्यांनी दोन्ही उघडून शेजारी ठेवली आहेत त्यांना हे सांगायला नको. केस वाढली तरी यंत्र वाढले नाही, त्यामुळे छोट्या तबकड्या मध्याकडे गोळा झाल्या आणि कडेला काळी मोकळी जागा उरली. ३७०६ची तबकडी पाहा. तिथे त्याच छोट्या तबकड्या कडेपर्यंत मोकळ्या पसरल्या आहेत. माझ्या मते आजही ती जास्त देखणी आहे. हा काळाचा कल होता. मोठ्या घड्याळांची हवा होती, कंपन्यांनी ती बनवली, आपण ती विकली. २०२१ मध्ये कंपनीने स्वतःचे यंत्र घालून ४१चा क्रोनोग्राफ काढला आणि पावले मागे वळवली. आपले काउंटरवरचे बोलणे मात्र अजून २०१२तच अडकले आहे.

आता बारीक मनगटाच्या ग्राहकाला ४१ दाखवले की काम झाले, असेही नाही. व्यास हा आकडा जाहिरातीसाठी सोयीचा असतो. मनगटावर बसते ती लांबी, म्हणजे वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचे अंतर. ओमेगा स्पीडमास्टर ४२चा आहे, पण त्याची ही लांबी ४८ मिलीमीटरच्या आत राहते, कारण लग आखूड आहेत आणि खाली वळलेले आहेत. त्याच व्यासाचे सरळ, लांब लगांचे घड्याळ ५१–५२पर्यंत सहज जाते. चार मिलीमीटर म्हणजे मनगटाच्या आत की बाहेर, एवढा फरक.

मनगटाचेही तसेच आहे. आपण टेपने घेर मोजतो आणि थांबतो. घेर सोळाच, पण एकाचे मनगट चपटे आणि दुसऱ्याचे गोल. चपट्याची वरची रुंदी ५७ मिलीमीटर भरते, गोलाची ५२. चपट्या मनगटावर ५० मिलीमीटर लांबीचे घड्याळ निवांत बसते. गोल मनगटावर तेच घड्याळ मधल्या उंचवट्यावर टेकते आणि दोन्ही टोके हवेत राहतात. म्हणून टेपच्या जोडीला व्हर्नियर हवा. मी असे करतो: ग्राहकाला हात टेबलावर पालथा, सैल ठेवायला सांगतो. ज्या जागी तो घड्याळ बांधतो त्याच जागी, हाडाच्या मागे की पुढे हे त्याला विचारून, व्हर्नियरचे जबडे न दाबता दोन्ही बाजूंना टेकवतो. येणाऱ्या आकड्यातून पाच-सहा मिलीमीटर वजा करतो. उरलेली लांबी ही त्या मनगटाची मर्यादा. तिच्यापुढचे घड्याळ मी ट्रेमधून काढत नाही. हे सगळे करायला दोन मिनिटे लागतात. शक्यतो संध्याकाळी मोजावे. मे महिन्यात मुंबईत तर दुपारपर्यंतच हात इतका फुगतो की सकाळी बेताचा वाटलेला पट्टा रुतू लागतो.

स्टीलच्या पट्ट्यात एक गोम आहे. काही पट्ट्यांची केसला चिकटलेली पहिली कडी लगच्या टोकांबाहेर डोकावते आणि लगेच खाली वळत नाही. मग कागदावर ४८ असलेले घड्याळ मनगटावर ५२चे होते. हा आकडा कुठल्याही पत्रकात छापलेला नसतो. पट्टा हातात धरून, पहिली कडी किती वाकते ते आपणच पाहायचे. ज्या घड्याळात ही कडी लगच्या आतच राहते आणि दुसरी कडी सरळ खाली पडते, ते बारीक मनगटासाठी आधी दाखवावे. बाकीची चामड्याच्या पट्ट्यावर दाखवावीत.

जाडी हा क्रोनोग्राफचा जुना रोग आहे आणि बारीक मनगटावर तो सर्वांत आधी दिसतो. ७७५० एकटाच ७.९ मिलीमीटर जाड आहे. त्याच्यावर तबकडी, काट्यांची चळत, फुगीर काच आणि खाली झाकण धरले की १४–१५ कुठे गेले कळत नाही. आयडब्ल्यूसीचा नवा ४१चा क्रोनोग्राफही साडेचौदाचा आहे. एल प्रिमेरोसारखे यंत्र साडेसहाच्या आसपास बसते, म्हणून त्याच्या घड्याळांना पातळ राहणे सोपे जाते. पण जाडीचा आकडा सांगून ग्राहकाला काही उमगत नाही. घड्याळ त्याच्या हातात बांधा आणि शर्टाच्या कफचे बटण लावायला सांगा. कफ घड्याळावरून सरकला तर ठीक. अडकला तर रोज अडकणार आहे. घड्याळाचे पोट कसे आहे तेही पाहा. झाकण बाहेर फुगलेले असेल तर केस मनगटापासून उचलली जाते आणि आहे त्यापेक्षा उंच दिसते. झाकण सपाट असेल आणि लग त्याच्या खालपर्यंत उतरत असतील, तर साडेचौदाही चालून जातात.

चावी आणि बटणे राहिली. पायलट घड्याळाची चावी मोठी आणि खाचदार असते, कारण ती हातमोजे घालून फिरवायची होती. बारीक मनगटावर केस थोडीशी पुढे सरकली की ही चावी हाताच्या पाठीत रुतते. काउंटरवर उभ्या ग्राहकाला ते कळत नाही. त्याला स्कूटरची मूठ धरल्यासारखी मूठ आवळून मनगट मागे वाकवायला सांगा. आपल्या पुण्या-नाशिकच्या ग्राहकाचा हात रोज तासभर त्याच स्थितीत असतो. आठ दिवसांनी मनगटावर लाल वण घेऊन तो परत येण्यापेक्षा दुकानातच कळलेले बरे.

पट्ट्याबद्दल थोडक्यात. क्रोनोग्राफचे डोके जड असते, त्यामुळे मऊ, पातळ पट्ट्यावर ते घरंगळते. पायलट घड्याळाला शोभणारा जाड, रिवेटवाला चामड्याचा पट्टा बारीक मनगटावर वळतच नाही, लगपाशी कमान करून उभा राहतो. मधला मार्ग म्हणजे लगपाशी भरीव, पुढे निमुळता होत जाणारा पट्टा. नेहमीच्या ७५ आणि ११५ मिलीमीटरच्या जोडीऐवजी आखूड माप मागवून घ्यावे. घडीच्या बकलाने बारीक मनगटावर पट्ट्याचा तोल बिघडतो, तिथे साधे काट्याचे बकल चांगले. दुहेरी थराचा नायलॉन पट्टा तर नकोच. तो घड्याळाला आणखी दोन-अडीच मिलीमीटर वर उचलतो. पावसाळ्यात चामडे टिकत नाही, तेव्हा रबरी पट्टाही सोबत सुचवावा. नॅव्हिटायमरसारखे घड्याळ घेणाऱ्याला ते फक्त ३० मीटरचे आहे हे आवर्जून सांगावे. जुलैत रेनकोटच्या बाहीतून झिरपणारे पाणी हे त्या घड्याळासाठी खरे संकट आहे.

कोणती घड्याळे दाखवावीत, असे पत्रांतून सारखे विचारले जाते. माझे मत सांगतो. सोळाच्या आसपासच्या चपट्या मनगटाला आयडब्ल्यूसीचा ४१ शोभतो, पण चामड्याच्या पट्ट्यावर. नॅव्हिटायमर २०२२ पासून ४१, ४३ आणि ४६ अशा तीन मापांत मिळते. या ग्राहकासाठी त्यातले फक्त ४१ बाहेर काढावे. लगची लांबी ४७च्या आसपास, जाडी साडेतेराच्या घरात, आणि हिशेबाच्या पट्टीमुळे मधली तबकडी दिसते त्याहून लहान वाटते. चाळिशीपुढच्या ग्राहकाला मात्र त्या पट्टीवरचे आकडे चष्म्याशिवाय वाचून दाखवायला सांगा. बऱ्याच जणांना जमत नाही, आणि ते आधी कळणे त्याचा हक्क आहे. ब्रेगेचे २०२३ मध्ये आलेले टाइप २० आणि टाइप एक्सएक्स ४२चे आहेत. सुंदर आहेत, पण गोल, बारीक मनगटासाठी मी ती सुचवत नाही. त्याच कंपनीचा १९९५चा ३८०० हा ३९ मिलीमीटरचा फ्लायबॅक जुन्या बाजारात चांगल्या स्थितीत मिळाला, तर त्याच्याइतका योग्य पर्याय मला दुसरा दिसत नाही. ३७०६चेही तेच. जुने घड्याळ विकताना सर्व्हिसचा इतिहास आणि केसवर किती पॉलिश चढले आहे हे ग्राहकाला लिहून द्यावे. जास्त पॉलिशने लग बारीक होतात आणि मग ते घड्याळ आपल्या मूळ मापाचे राहत नाही. किंमत कमी ठेवायची असेल तर जर्मनीच्या सिनचे ३५६ आहे, ३८.५ मिलीमीटरचे. उंच आहे खरे, पण व्यास लहान आणि बांधणी प्रामाणिक. आणि जो ग्राहक ‘पायलट’ या नावावर अडलेला नाही, त्याला स्पीडमास्टरचे ३९.७चे रूप दाखवा. ऑक्टोबर १९६२ मध्ये वॉली शिरा अंतराळात जाताना ज्या जातीचे घड्याळ घालून गेले, त्यावरून ते बनले आहे. शिरा स्वतः नौदलाचे वैमानिक होते.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. बारीक मनगट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तरुण मुलगा येतो. पण गेल्या काही वर्षांत पायलट क्रोनोग्राफ मागणाऱ्या स्त्रिया वाढल्या आहेत. त्या डॉक्टर आहेत, चार्टर्ड अकाउंटंट आहेत, काही खरोखर विमाने उडवतात. त्यांनी काळ्या तबकडीकडे बोट दाखवले की आपले विक्रेते खड्यांच्या घड्याळांचा ट्रे पुढे करतात. हे थांबले पाहिजे. साडेचौदा सेंटिमीटरच्या मनगटाला ३८-३९ मिलीमीटरचा क्रोनोग्राफ नीट बसू शकतो, आणि नाही बसला तर तसे स्पष्ट सांगावे. पण तिने जे मागितले ते आधी तिच्या हातात द्यावे.

दुसरे, मोबाइलवरचा फोटो. ग्राहक घड्याळ बांधून लगेच वरून फोटो काढतो आणि घरी पाठवतो. जवळून काढलेल्या फोटोत पुढची वस्तू फुगते. त्यामुळे योग्य घड्याळही मोठे दिसते आणि घरून नकार येतो. उलट आठवडाभर असेच फोटो पाहून आलेल्याला ४३ही चालेल असे वाटू लागलेले असते, कारण त्याचा डोळा त्याला सरावलेला असतो. दुकानात पूर्ण उंचीचा आरसा ठेवा. ग्राहकाला सहा फुटांवर, हात सैल सोडून उभे राहू द्या. लोक त्याला पाहणार आहेत ते त्या अंतरावरून.

त्या दिवाळीच्या ग्राहकाचे काय झाले, तेही सांगतो. कड्या काढता येणार नव्हत्या. मी त्याला आखूड मापाचा, निमुळता चामड्याचा पट्टा लावून दिला. घरंगळणे थांबले, पण लगची टोके तशीच मनगटाबाहेर राहिली. तो म्हणाला, ‘काका, आता हे विकून लहान घ्यायचं तर किती तुटेल?’ मी खरा आकडा सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही. घड्याळ त्याच्या वडिलांनी पहिल्या मोठ्या पगारवाढीनिमित्त घेऊन दिले होते. ते तो विकणार नव्हता, आणि घालतही नव्हता.

विक्रीच्या वेळी दोन मिनिटे व्हर्नियर लावला असता तर हे टळले असते. पुढच्या अंकापासून आपल्या मासिकात प्रत्येक घड्याळाच्या परीक्षणात व्यासाबरोबर चार मापे छापली जातील: लगच्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी, पहिल्या कडीसकट लांबी, काचेसकट जाडी आणि पट्ट्यासकट वजन. ही मापे आम्ही कंपनीच्या पत्रकातून उचलणार नाही, हातात घेऊन मोजू. प्रत्येक मॉडेल आमच्यापर्यंत पोचेलच असे नाही. म्हणून वाचकांना विनंती, की आपल्या ट्रेमधल्या क्रोनोग्राफची ही चार मापे संदर्भ क्रमांकासह आम्हाला लिहून पाठवा. मोजणाऱ्याच्या नावाने ती छापू.